मराठी शाळेतल्या इंग्रजीसाठी सरकारी अनुदान कसं वापरावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळांना इंग्रजीच्या साहित्यासाठी पैसा मिळतो तो मुख्यतः समग्र शिक्षा योजनेतून. शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. ही कमाल मर्यादा आहे. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी ठेवावे लागतात. ग्रंथालय अनुदान वेगळं असतं.

पहिलं काम यू-डायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद, तपासण्याचं. तिथे पट कमी नोंदला गेला तर २८ मुलांची शाळा आणि ३१ मुलांची शाळा यांत थेट १५,००० रुपयांचा फरक पडतो! मुख्याध्यापकांकडून वर्गवार आकडे मागून हजेरीपटाशी ताडून पाहा.

मग एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) सभेत ठराव घ्या. 'शैक्षणिक साहित्य' एवढंच मोघम लिहिलं की पैसा रंगरंगोटीत जातो. त्यापेक्षा वस्तू, नग आणि दर लिहा: इंग्रजी अक्षरपट्ट्या, चित्रकार्डं, ऐकण्याच्या सरावासाठी स्पीकर. गोष्टींची पुस्तकं ग्रंथालयाच्या पैशातून घ्या. पानाला एक-दोन ओळींचीच निवडा. जाड शब्दकोश पहिली-दुसरीच्या मुलांना उपयोगाचे नाहीत. ठरावाची कन्नड प्रतही ठेवा, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात काम लवकर होतं.

बिल शाळेच्या नावावर हवं, आणि वस्तू साठा नोंदवहीत चढवलेली हवी. खरेदी डिसेंबरपर्यंत उरका. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. शेवटच्या आठवड्यात बिलं अडकली तर पैसा परत जाऊ शकतो.