थर्मोस्टॅटच्या कव्हरवर दोनदा केलेली काटकसर

माझ्या गाडीतील कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी दर आठवड्याला बोटभर उतरत होती, पण जमिनीवर थेंबही दिसत नव्हता, कारण गळणारे कूलंट तापलेल्या इंजिनवरच सुकून जात होते. थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या) कव्हरखाली पांढुरकी पुटे दिसली, तेव्हा उलगडा झाला. हे कव्हर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे होते. ॲल्युमिनियमपेक्षा ते बनवायला स्वस्त आणि वजनाला हलके पडते, परंतु ९० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापणे-निवणे वर्षानुवर्षे सोसून ठिसूळ होते. होज (कूलंटची रबरी नळी) ओढून काढतानाच त्याचा काठ बिस्किटासारखा तुटून माझ्या हातात आला.

कारखान्याच्या या काटकसरीत मी स्वतःचीही भर घातली आणि मिळाले त्यांतले सर्वांत स्वस्त कव्हर बसवले. चार महिन्यांत तेही गळू लागले. काढून सपाट काचेवर ठेवले, तर त्याच्या बैठकीखालून, म्हणजे इंजिनला टेकणाऱ्या बाजूखालून, कागद सहज सरकत होता; ती सपाटच नव्हती. ही तपासणी बसवण्यापूर्वी करायला दोन मिनिटेही लागली नसती.

दुसऱ्या वेळी ॲल्युमिनियमचे कव्हर, नवी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) आणि, सगळे उघडलेच आहे म्हणून, नवा थर्मोस्टॅटही घेतला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर इंजिनवरची बैठक प्लास्टिकच्या पट्टीने खरवडली (धातूच्या पात्याने ओरखडे पडतात) आणि बोल्ट आलटून-पालटून, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंतच (पिळण्याच्या जोरापर्यंतच) आवळले. कूलंट भरून हवा काढण्यातच सर्वाधिक वेळ गेला. या गोष्टीला वर्ष झाले. पातळी अजून खुणेवरच आहे.