पगारातून पोटगी वसूल करताना या चुका टाळा

मुलांच्या पोटगीचा आदेश झाला की पुढच्या महिन्यापासून वडिलांच्या पगारातून कपात सुरू होईल, असे समजून अनेक आया निर्धास्त होतात. आदेशातच तसे लिहिलेले नसेल, तर रक्कम थकल्यावर न्यायालयात वसुलीचा अर्ज करावा लागतो.

मला सर्वांत जास्त सलते ती चूक म्हणजे थकबाकी साचू देणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्या वसुलीचे वॉरंट निघत नाही. दोन मुलांना एकटीने वाढवणारी एक आई, ‘साचू दे, मग एकदम माग’ या नातेवाइकांच्या सल्ल्यावर तीन वर्षे थांबली आणि तोवर शाळेची फी उसनवारीवर भरत राहिली. अखेर अर्ज केला, तेव्हा वॉरंट शेवटच्या वर्षापुरतेच निघू शकले. आधीच्या रकमेवरचा तिचा हक्क बुडाला नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालावरून स्पष्ट होते. पण त्यासाठी तिला वेगळा दिवाणी मार्ग धरावा लागला आणि मुले तोवर मोठी होत होती. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि तारीख दर महिन्याला वहीत लिहायला लावते आणि तीन हप्ते थकले की अर्ज तयार करते. ‘साचू दे’ असे सल्ले देणाऱ्यांना त्या घराचा खर्च चालवावा लागत नाही.

दिवाणी दरखास्तीत, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जात, पोटगीसाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांची मर्यादा इथे लावून स्वतःहून कमी मागू नये.

घाईने केलेल्या दरखास्ती बहुतेक वेळा पत्त्यावर अडतात. खासगी नोकरीत वेतन देणारा अधिकारी ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल, तेच न्यायालय त्याला कपातीचा आदेश देऊ शकते; म्हणून नवरा कोणत्या शाखेत बसतो यापेक्षा पगार कुठून निघतो, हे आधी शोधावे. आदेश मिळूनही मालकाने पूर्ण पगार कर्मचाऱ्याच्या हाती दिला, तर त्या रकमेची जबाबदारी मालकावर येते.

पोटगी न दिल्याबद्दल नवरा तुरुंगात जाऊन आला, तरी थकबाकी फिटत नाही. रोख रक्कम पावतीशिवाय घेऊ नये.

नोकरी बदलली की जुन्या कंपनीवरचा आदेश नव्या कंपनीला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे कपात थांबलेल्या महिन्यातच नव्या मालकाचा तपशील न्यायालयासमोर ठेवावा.