मुखवट्याचं चांदीचं नाणं: ग्रीक म्हणण्याआधी मागची बाजू पाहा

वावरात वखर चालवताना किंवा गावाच्या रिठावर मुखवटा आणि अनोळखी अक्षरं असलेलं नाणं सापडलं, की हात आधी चिंचेकडे जातो. नेमकं तेच करू नका. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट यांनी काळपट थर निघतो, पण त्यासोबत अक्षरांच्या कडाही जातात. काळी माती चिकट असते. नाणं रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते) ठेवा आणि सुटलेली माती बांबूच्या काडीने हलकेच काढा. तेवढं पुरे.

आता वजन. सराफाकडे 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो. आधी त्यावर कमी झिजलेला राणीछाप रुपया ठेवून पाहा, 11.66 ग्रॅमच्या आसपास दिसला पाहिजे. अथेन्सचं घुबडाचं चार द्राख्मांचं (द्राख्म म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं) नाणं साधारण 17.2 ग्रॅम भरतं. एका बाजूला अथेनाचं शिरस्त्राण घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि तीन ग्रीक अक्षरं. हिंद-ग्रीक राजा मेनांडरचा लहान द्राख्म मात्र सुमारे 2.4 ग्रॅमचाच.

घुबडाच्या नाण्याची घनता घरीही काढता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. टेकलं की आकडा भलताच वाढतो. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलवून झटका. कोरडं वजन 17.16 आणि पाण्यातला आकडा 1.65 असेल, तर भागाकार 10.4, म्हणजे चांगली चांदी. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर उत्तर साडेआठच्या आसपास येतं. 2.4 ग्रॅमच्या नाण्यावर ही युक्ती चालत नाही: पाण्यातला आकडा 0.23 येतो, तिथे 0.01 ची चूकही उत्तर 10 वरून 10.9 वर नेते.

मग घड्याळजीचं भिंग घ्या. कडेवर सलग शिवण किंवा पृष्ठभागावर गोल बारीक खड्डे दिसले तर नाणं साच्यात ओतलेलं आहे. छिन्नीचा जुना घाव दिसला म्हणून मात्र नकली ठरवू नका. आत तांबं तर नाही ना, हे पाहायला जुन्या काळीही लोक घुबडाची नाणी छेदत. सराफाला कसोटीवर घासू देऊ नका.

विदर्भात खरी गफलत होते ती पश्चिम क्षत्रपांच्या (पश्चिम भारतातले जुने राजे) नाण्यांवर. वजन दोन-अडीच ग्रॅम, पुढे राजाचं डोकं आणि बिघडलेली ग्रीक अक्षरं, म्हणून ‘ग्रीक’ असं म्हणून मोकळे होतात. मागे तीन कमानींचा डोंगर, चंद्र, सूर्य आणि भोवती ब्राह्मी लेख असेल तर ते क्षत्रपांचं. मेनांडरच्या नाण्यावर मागे खरोष्ठी या जुन्या लिपीतला लेख असतो, आणि बहुधा वज्र उगारलेली अथेना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात भरूचच्या बंदरात मेनांडरचे द्राख्म अजून चलनात होते, त्यामुळे एखादा इकडे आला तर नवल नाही. पण पैज मी क्षत्रपांवर लावीन.

जमिनीतून निघालेल्या, 10 रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची माहिती 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरला लेखी द्यावी लागते: काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा, तारीख. अर्जाची पोच घ्या. तोवर नाणं साध्या कोऱ्या कागदात ठेवा. रबरबँड लावलंत तर त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडेल.