जुन्या रसायन-पुस्तकांतली विसरलेली नावं कशी उलगडावीत

एकोणिसाव्या शतकातलं रसायनाचं पुस्तक हाती आलं, की आधी छपाईचं साल बघा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हेच पहिल्यांदा करायला लावतो.

व्हिट्रिऑलची, म्हणजे धातूंच्या सल्फेटांची, नावं सोपी. ब्लू म्हणजे मोरचूद, ग्रीन म्हणजे हिराकस, ऑइल ऑफ व्हिट्रिऑल म्हणजे गंधकाम्ल.

‘म्युरिएट’ दिसलं की क्लोराइड समजा. आपले शेतकरी आजही म्युरेट ऑफ पोटॅश मागतात, ते पोटॅशियम क्लोराइडच. मात्र ‘ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिड’ हे आम्ल नव्हे, तो क्लोरीन वायू. आम्ल म्हटलं की त्यात ऑक्सिजन हवाच, असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएचं मत होतं. त्यातून ते नाव आलं. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, असं इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये मांडलं.

आता अणुभारांचा तक्ता उघडा. ऑक्सिजनपुढे १६ ऐवजी ८ असेल, तर पाण्याचं सूत्र ‘एचओ’ छापलेलं सापडेल. ती छपाईची चूक नाही, तेव्हाचा हिशोबच तसा होता. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारोची अणुभारांबद्दलची मांडणी रसायनशास्त्रज्ञांपुढे आली आणि पुढच्या काही वर्षांत आकडे बदलत गेले. पण जुन्या पद्धतीची पुस्तकं त्यानंतरही निघत राहिली, म्हणून नुसत्या सालावर विसंबू नका.

पाऱ्यापाशी तर फार जपून. त्याची क्लोराइडं दोन, कॅलोमेल आणि कोरोसिव्ह सब्लिमेट. ‘क्लोराइड ऑफ मर्क्युरी’ एका पुस्तकात कॅलोमेल असतं, दुसऱ्यात कोरोसिव्ह सब्लिमेट, कारण पाऱ्याचा अणुभार कुठे २०० धरलेला, कुठे १००. कॅलोमेल जुलाब होऊन पोट साफ व्हावं म्हणून देत. सब्लिमेट जहाल विष. इथे नाव बाजूला ठेवा आणि वर्णन वाचा. पाण्यात विरघळतं असं लिहिलंय? मग सब्लिमेट. जवळजवळ विरघळत नाही आणि अमोनियाने काळं पडतं? मग कॅलोमेल. गुणधर्म दिलेले नसतील तर अंदाजाने आजचं नाव लिहू नका, जागा कोरी सोडा. आणि जुनी औषधकृती करून बघायचा विचारही नको.

मूलद्रव्यांमध्ये ग्लुसिनियम म्हणजे बेरिलियम. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हॅचेटने १८०१ मध्ये नाव दिलेलं कोलंबियम म्हणजे नायोबियम. १९४९ मध्ये आयुपॅकने, म्हणजे रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, नायोबियम हे नाव पक्कं केलं, तरी अमेरिकेतल्या धातुशास्त्रज्ञांनी कोलंबियम सोडलं नाही. पोलादावरचे तिकडचे लेख शोधताना दोन्ही नावांनी शोधा.