उपनगरी रेल्वेवर संशोधन करायचंय? आधी सरासरी कुणाची ते ठरवा

सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनावर काम सुरू करणारे पुष्कळ विद्यार्थी थेट सॉफ्टवेअर शिकायला बसतात. त्याआधी एकच मार्ग आणि एकच गर्दीची वेळ निवडा, आणि कागदावर हिशेब करा.

तासाला 6 गाड्या, म्हणजे वेळापत्रक न बघता येणाऱ्याला सरासरी 5 मिनिटं थांबावं लागणार, असं आपण धरतो. पण गाड्या आळीपाळीने 5 आणि 15 मिनिटांनी येत असतील तर? 15 मिनिटांच्या खंडात तिप्पट माणसं फलाटावर जमतात आणि सरासरी 6.25 मिनिटांवर जाते. गाड्या तेवढ्याच! दोन गाड्यांमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करा आणि अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा: 250 भागिले 40.

गर्दीचंही तेच. एका गाडीत 1,800 माणसं, दुसरीत 600, तर गाडीमागे सरासरी 1,200. प्रवाशाला विचाराल तर सरासरी 1,500, कारण चारांतले तिघे भरलेल्या गाडीतच उभे असतात. अहवालात पहिला आकडा छापला जातो. प्रबंधात दोन्ही द्या. मोजणी तासाची नको, 15 मिनिटांच्या तुकड्यांत हवी, नाहीतर गर्दीचं टोक सपाट होऊन जातं.

वेळापत्रकाची विदा (डेटा) बहुधा जीटीएफएस स्वरूपात, म्हणजे वाहतूक संस्था वेळापत्रक ज्या ठरावीक साच्याच्या फाइलींत देतात त्यांत, मिळते. तिथे मध्यरात्रीनंतरची गाडी आदल्या दिवसाच्या सेवेत धरतात, म्हणून 1:10 ची वेळ 25:10 अशी लिहिलेली असते. साधा प्रोग्राम ती चूक समजून ओळच टाकून देतो आणि शेवटच्या गाड्या गायब होतात. सुट्टीच्या दिवसांचे अपवाद वेगळ्या फाइलमध्ये असतात, तेही जोडा. स्मार्ट कार्डची नोंद फक्त चढतानाची असेल, तर त्या माणसाचं पुढचं चढण्याचं स्थानक हेच आधीच्या प्रवासाचं उतरण्याचं स्थानक मानतात. दिवसातून एकदाच कार्ड वापरणारे यातून सुटतात. ते किती टक्के आहेत, हे सांगितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

रेकचा, म्हणजे डबे जोडून तयार झालेल्या अख्ख्या गाडीचा, हिशेब तर प्रत्येकाने करून पाहावाच. एका बाजूचा प्रवास 50 मिनिटं, दोन्ही टोकांना 10-10 मिनिटं मुक्काम, एकूण 120; दर 10 मिनिटांनी गाडी हवी तर 12 रेक. आता फलाटांवर चढ-उतार लांबून प्रत्येक बाजूला 2 मिनिटं वाढली: 124 मिनिटं. मुक्काम कापायचा नसेल तर 13 वा रेक लागतो. मुक्काम कापला तर उशीर परतीच्या फेरीत जातो. दुरुस्तीसाठी राखीव रेक याच्या वर धरायचे.

स्थानकाभोवती 800 मीटरचं वर्तुळ काढून लोकसंख्या मोजू नका. रूळ, नाला किंवा एकाच बाजूचं प्रवेशद्वार असलं की वर्तुळातली बरीच घरं चालत 800 मीटरच्या पलीकडे जातात. रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढा आणि पादचारी पूल नकाशात आहेत का ते जागेवर जाऊन तपासा. तिथेच फलाटावर वेळा टिपत असाल, तर रद्द झालेली गाडीही लिहा. नाहीतर नंतर मोठा खंड दिसेल, पण गाडी रद्द होती की नोंद चुकली, हे कळणार नाही.