आईसाठी केअर सेंटर शोधताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला की विषय काय असणार ते मला आधीच कळतं. “सिस्टर, आईसाठी एखादं चांगलं ठिकाण सांगा की. मंगळवारी मला पुण्याला परत जायचंय.” म्हणजे हातात दोन दिवस. 31 वर्षं वॉर्डात काढून मी निवृत्त झाले, तेव्हापासून ओळखीच्यांना वाटतं की माझ्याकडे अशा जागांची यादी आहे, पहिला नंबर, दुसरा नंबर अशी. नाही. असती तरी दिली नसती. एकीला मानवलेली जागा दुसरीला अजिबात सोसत नाही, हे मी घरातच बघितलंय. पण माणसं त्याच त्या चुका करतात आणि दोन महिन्यांनी रडत फोन करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

‘नर्सिंग होम’ म्हणून शोधणं

मोबाईलवर असं टाकलंत तर बाळंतपणाचे नि हाडांचे दवाखाने निघतील. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे खासगी दवाखाना. 1949 चा महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे तोही त्यांच्यासाठीच. तुम्हाला हवं असतं ते एक तर वृद्धाश्रम, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्यांचं सगळं करणारं केअर सेंटर. बऱ्याच वृद्धाश्रमांना ‘स्वतःचं स्वतः करणारे’ लागतात. चालत गेलेली आई पुढं अंथरुणाला खिळली की “आता घेऊन जा” असा फोन येतो. हा नियम कुणी लपवत नाही, फॉर्मवर छापलेला असतो. सही करायच्या घाईत आपणच वाचत नाही. नाकातली नळी, लघवीची पिशवी, डायपर असलेला पेशंट तुम्ही ठेवून घेता का, एवढं फोनवरच विचारा. अर्ध्या चकरा वाचतील. ज्येष्ठांसाठीची 14567 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, तिथंही चौकशी करता येते.

सकाळी 11 ला, आधी कळवून बघायला जाणं

ही चूक मी स्वतः केलीय, त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

माझ्या मावशीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. तिचा मुलगा बेंगळुरूला, मी नोकरीत. दोघांनी मिळून एक जागा बघितली. फोन करून, वेळ घेऊन, सकाळी 11 ला गेलो. फरशी लख्ख, फिनेलचा वास, पांढऱ्या चादरी, अंगणात तुळशीवृंदावन, हॉलमध्ये भजन चाललेलं. मी खूश! साहेबांचा राउंड असला की वॉर्ड कसा चकाचक होतो, चादरी कधी बदलतात, कुठला पेशंट दाराशी आणतात नि कुठला कोपऱ्यात ढकलतात, हे 31 वर्षं मीच केलंय. तरी फसले.

तीन आठवड्यांनी, न सांगता, रात्री सव्वाआठला गेले. डब्यात दुधात कुस्करलेली भाकरी होती. गेट उघडायला दहा मिनिटं. आत एकोणीस जणांना मिळून एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, तोही टीव्हीसमोर. मावशी उताणी पडलेली. खोलीत पावडरचा घमघमाट. वास झाकायला इतकी पावडर लागते, हे वॉर्डात काम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. कूस वळवली तर माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग, मधे कातडी गेलेली. डाव्या टाचेवर फोड.

खाटेच्या पायाला कूस बदलल्याचा तक्ता लटकवलेला होता. 2, 4, 6, 8, सगळ्या खुणा व्यवस्थित. रात्री 10 च्या रकान्यातसुद्धा खूण. तेव्हा घड्याळात साडेआठही वाजले नव्हते.

एकाच कुशीवर पडून राहून झालेली ती जखम (बेडसोर) भरायला चार महिने लागले. मावशी कधी काही म्हणाली नाही. तिला म्हणताच येत नव्हतं.

त्या दिवसापासून माझी सवय ठरलेली आहे. जायचं ते संध्याकाळी 7 नंतर, नाहीतर रविवारी दुपारी 2 ते 3 मध्ये. हसतमुख आजोबांशी गप्पा मारायच्या नाहीत, तिथं जो सगळ्यात जास्त अंथरुणाला खिळलाय त्याच्याकडे बघायचं. नखं कापलीत का, ओठ सुकलेत का, पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलाय का, टाचांखाली उशी आहे का. आज तुमची आई चालते म्हणून तुम्ही चालणाऱ्यांना बघता. दोन वर्षांनी ती कोपऱ्यातल्या खाटेवर असू शकते. परक्याच्या अंगावरची चादर मात्र उचलू नका, तेवढी लाज पाळा.

आणि स्टाफ विचारताना रात्री जागे किती, हे विचारा. मग मनातल्या मनात गणित करा. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण खिळलेल्या एका माणसाला दोघांनी मिळून, चादर ओढून, टेकण लावून पाच मिनिटं धरा. असे बारा जण असतील तर दर दोन तासांतला एक तास दोन माणसांचा त्यातच जातो. जिथं रात्री एकच माणूस आहे तिथं तक्ता कसा भरतात हे आता तुम्हीच ओळखा.

महिन्याच्या आकड्यावर जाणं

“इथं चौदा हजार, तिथं वीस. सहा हजारांचा फरक कशाचा, सिस्टर?” बहुतेक वेळा डायपरचा. समजा दिवसाला चार, चाळीस रुपयांना एक, महिन्याचे 4,800 झाले. वर गोळ्या, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टरांची व्हिजिट. चौदावाला हे सगळं वेगळं लावतो, वीसवाल्यानं बरंचसं आत धरलेलं असतं. म्हणून दरपत्रक मागूच नका. तुमच्या आईसारख्याच एखाद्या पेशंटचं मागच्या महिन्याचं खरं बिल मागा, नाव झाकून. दाखवायला काचकूच करतात तिथं मी पुढं बोलत नाही.

त्याच बैठकीत डिपॉझिट परत कधी मिळणार ते लिहून घ्या. पेशंट दवाखान्यात ॲडमिट झाला तर खाटेचं भाडं चालू राहणार का, नि तिथं सोबत बसायला माणूस कोण देणार? हा खर्च कुणी धरतच नाही आणि तोच अंगावर येतो. महिन्याच्या पाच तारखेला माणूस गेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे, हेही विचारा. अभद्र वाटतं, पण नंतर त्या अवस्थेत विचारणं त्याहून वाईट.

70 वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. ते जरूर काढा. पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचं आहे. केअर सेंटरचं महिन्याचं बिल त्यातून भागत नाही. “कार्ड चालतं” असं कुणी ठोकून दिलं तर कशाला चालतं ते विचारा.

भाषेचा विचारच न करणं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) आजींना मुलानं स्वतःजवळ हवं म्हणून पुण्याच्या सेंटरमध्ये ठेवलं. जागा खरंच चांगली, स्टाफ प्रेमळ. आजींचं मराठी उत्तम होतं, सगळं आयुष्य सोलापुरात गेलेलं. पण स्मृतिभ्रंश वाढला तशी मराठी मागं पडली आणि माहेरची तेलुगू तेवढी राहिली. त्या दिवसभर “नीळ्ळु, नीळ्ळु” म्हणायच्या. तिथल्या कामवाल्या मावशींना वाटलं, बडबड आहे, किंवा कुणा नीलूला हाक मारतायत. त्यांनी मुलाला विचारलं सुद्धा, घरात नीलू कोण? नीळ्ळु म्हणजे पाणी. आजी तहानेल्या होत्या. पुढं सोडियमची गडबड होऊन ॲडमिट झाल्या.

आपल्या गावात तेलुगू, कानडी, उर्दू घरोघरी आहे, म्हणून आपल्याला याचं काही वाटत नाही. गाव सोडताना वाटायला पाहिजे. माझा उपाय साधा आहे. पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, भूक, हे पाच शब्द घरच्या भाषेत कागदावर मोठ्या अक्षरात, शेजारी मराठी अर्थ, खाटेच्या डोक्याशी चिकटवायचे. तेलुगू बोलणारी एखादी मावशी कामावर असेल तर महिन्याला दोन हजार जास्त गेले तरी मी तीच जागा घेईन.

बाकीच्या, पटापट

डिसेंबरात जागा ठरवू नका. ठरवलीत तर मान वर करून छत बघा. सोलापूरचा मे नि पत्र्याची खोली, पंखा नुसता गरम वारा फेकतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारा. एअरबेडचा पंप बंद पडला की गादी बसते आणि पेशंट थेट फळीवर.

नळाला पाणी रोज नसतं हे आपल्याला माहीत आहे. अंघोळ आठवड्यातून किती वेळा, हा प्रश्न विचारला की बोअर, टाकी, टँकर सगळं आपोआप कळतं.

‘देवाच्या गावाजवळ आहे’ म्हणून पंढरपूर-अक्कलकोटच्या वाटेवर कुठंतरी शेतात ठेवणारे पुष्कळ. श्रद्धा ठीक. पण पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. रात्री 2 वाजता गाडी कोण काढणार आणि स्कॅनपर्यंत पोचायला किती वेळ, हे त्या रस्त्यानं स्वतः जाऊन बघा. आषाढीच्या आठवड्यातला पंढरपूरचा रस्ता धरून.

मोबाईलवरचे स्टार नातेवाईक देतात. खाटेवरचा माणूस देत नाही.

संध्याकाळची भाकरी बोटानं मोडून बघा. कडक झाली असेल तर बिनदाताच्या माणसाला दूध-आमटीत कुस्करून कोण देतं, तेही बघा.

सोनं घरी. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड नको. कोऱ्या कागदावर सही नाही.

आणि “दोनच दिवस राहा गं” असं खोटं सांगून आईला सोडून येऊ नका. मला याचा फार राग येतो. पंधरा दिवस राहून बघायचं असं ठरवा, तिला तसंच सांगा, आणि सोळाव्या दिवशी खरंच विचारा. माणूस बहुतेक वेळा समजून घेतो, आपल्यालाच तोंड उघडायचा धीर होत नाही.

मागच्याच महिन्यातला तो पुण्याचा मुलगा. त्याला म्हटलं, रजा वाढव, तीन जागा बघ, तिन्ही संध्याकाळी. कुरकुरला, पण गेला. रात्री 8 ला फोन. “सिस्टर, पंधरा मिनिटं झाली, गेट उघडेनात. उद्या सकाळी या म्हणतायत.”

म्हटलं, “गाडी वळव, दुसऱ्या जागेला जा. आणि तिथंही फोन करून जाऊ नकोस.”