मराठवाड्यातून परदेशी बॅकपॅकिंगला जाताना खर्चाची आखणी

परदेशप्रवासाचा खर्च काढायला बसले की बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात. परंतु परभणी, लातूर, हिंगोली किंवा बीडच्या माणसाचा खर्च त्याच्या कितीतरी आधी, घराच्या उंबऱ्यापासूनच सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडहून देशांतर्गत विमाने मिळत असली तरी परदेशाचे विमान पकडण्यासाठी मुंबई, हैदराबाद यांसारखे मोठे शहर गाठावेच लागते, आणि ज्या देशाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावे लागते, त्याच्यासाठी मोठ्या शहराची आणखी एक खेप पडते. या साऱ्याचा विचार केला तर आपल्या भागातील प्रवाशाने दोन वर्षांत दोन छोट्या सहली करण्यापेक्षा एकच लांब सहल करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे हिशेब मांडला की लगेच दिसते.

वहीचे एक पान घ्यावे आणि त्याचे दोन भाग करावेत. एका बाजूला बांधील खर्च लिहावा, म्हणजे दहा दिवस गेले काय आणि महिनाभर गेले काय, जो बदलत नाही तो: विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट, व्हिसा, घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास आणि विमा (विम्याचा हप्ता दिवसांनुसार थोडा वाढतो, पण तो फरक लहान असतो). दुसऱ्या बाजूला रोजचा खर्च लिहावा: झोपण्याची जागा, जेवण, शहरातील फिरणे आणि प्रवेशशुल्क. समजा, व्हिएतनामच्या सहलीसाठी तिकिटाचे २८,००० रुपये, व्हिसाचे २,३००, विम्याचे १,५०० आणि घर ते विमानतळ दोन्ही वेळचे ३,२०० धरले, तर बांधील खर्च ३५,००० रुपये होतो. दहा दिवसांच्या सहलीत त्याचा भार रोज ३,५०० रुपये पडतो, तर एकवीस दिवसांच्या सहलीत तोच सुमारे १,६७० रुपयांवर येतो. रोजचा खर्च २,५०० रुपयांप्रमाणे एकवीस दिवसांचा ५२,५००, गावोगावच्या रेल्वे-बसचे ९,००० आणि एकूण रकमेच्या दहा टक्के राखीव, असे सारे धरून बेरीज एक लाख सहा हजारांच्या आसपास जाते. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे त्या त्या महिन्यातील दर पाहून भरावेत, मात्र मांडणी हीच ठेवावी. राखीव रकमेला तर हातच लावायचा नाही, असे निघण्यापूर्वी ठरवून टाकावे.

देश कोणता निवडावा

पहिल्याच सहलीसाठी विमान लागतेच असे नाही. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर तेथे जाता येते. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने सोनौलीची सीमा आणि सीमेपलीकडे जवळच लुंबिनी, असा मार्ग आहे. बुद्धाचे जन्मस्थान पाहण्याची इच्छा बाळगणारी कितीतरी कुटुंबे आपल्या भागात आहेत, आणि त्यांना हा प्रवास विमानाच्या तिकिटाशिवाय करता येतो. भारतीय एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून कायम असल्यामुळे खर्चाचा अंदाजही चुकत नाही. भूतानचे चलन रुपयाच्या बरोबरीचे असले तरी तेथे भारतीय पर्यटकाला दर रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, म्हणजे सात रात्रींचे ८,४०० रुपये राहण्याजेवण्याच्या आधीच गेले. त्यामुळे भूतानमध्ये मुक्काम लांबवून बचत होत नाही; तेथे थोडे आणि नेमके पाहावे.

विमानानेच जायचे असेल तर व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड आणि श्रीलंका हे देश आपल्या खिशाला झेपणारे आहेत. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर त्याचे शुल्क २५ डॉलर आणि एकाहून अधिक वेळा प्रवेश हवा असेल तर ५० डॉलर आहे. अशा अर्जांच्या वेळी संकेतस्थळ त्या देशाच्या सरकारचेच आहे ना, हे नीट तपासावे, कारण हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याच कामासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. थायलंडमध्ये प्रवेशापूर्वी भरायचा डिजिटल अर्ज तर मोफत आहे, तरीही त्यासाठी पैसे मागणारी पाने सापडतात. युरोपातील शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, देशांचा हिशेब वेगळा पडतो: व्हिसाचे शुल्क ९० युरो, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, किमान ३०,००० युरो संरक्षणाचा विमा सक्तीचा, आणि अर्जासाठी मुंबई-पुण्याची खेप वेगळी. युरोप पाहूच नये असे मी म्हणत नाही, पण तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या सहलीसाठी राखून ठेवावा.

हंगामाचा विचार तिकीट काढण्याआधी करावा. दिवाळीत आणि मे महिन्यात आपल्याकडून जाणारी विमाने महाग असतात. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरदार पाऊस असतो, आणि तेथील नववर्षाच्या सणात, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, रेल्वेगाड्या भरलेल्या असतात. श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पावसाळा असतो. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर घरून निघणे ज्यांना सोपे जाते, त्यांच्यासाठी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य हा काळ थायलंड, लाओस आणि कंबोडियासाठी हवामानाच्या दृष्टीने उत्तम असतो.

पैसे साठवताना

वर धरलेली एक लाख सहा हजारांची रक्कम दीड वर्षात जमवायची असेल तर महिन्याला सुमारे ५,९०० रुपये बाजूला काढावे लागतात. त्यासाठी बँकेत आवर्ती ठेव सुरू करावी आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता आपोआप वळता होईल अशी सोय करावी. भिशी ओळखीच्या माणसांची असली तरी प्रवासाचा पैसा तिच्यात ठेवू नये, कारण आपली पाळी कधी येईल त्यावर तिकिटाची वेळ अवलंबून राहते. याहून कळकळीने सांगायचे ते जादा व्याजाच्या आमिषाबद्दल. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था) बुडाल्या आणि शेतकरी, शिक्षक, निवृत्त माणसे यांची आयुष्यभराची पुंजी अडकली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. एक-दोन टक्के व्याजासाठी हा धोका पत्करण्यात काहीही अर्थ नाही.

पासपोर्ट नसेल तर तो याच काळात काढून घ्यावा. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचे साधारण शुल्क १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षे चालतो. तत्काळ मार्गाने काढल्यास आणखी २,००० रुपये लागतात, म्हणून घाईची वेळच येऊ देऊ नये. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पॅनवर नावाचे स्पेलिंग निरनिराळे असणे आपल्याकडे फार आढळते. ते आधी सारखे करून घ्यावे, कारण पासपोर्टवरील नाव आणि तिकिटावरील नाव जुळले नाही तर दुरुस्तीचे पैसे पडतात आणि प्रसंगी तिकीटच वाया जाते. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, असा नियम अनेक देशांत आहे.

तिकीट आणि विमानतळापर्यंतचा प्रवास

नांदेड, लातूर आणि परभणीच्या प्रवाशांनी मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणांहून दर पाहावेत, आणि तुलना करताना केवळ तिकिटाची करू नये. घरापासूनचा खर्च, जेवण आणि मुक्काम धरून करावी. मुंबईहून दोन हजारांनी स्वस्त दिसणारे विमान पहाटेचे असेल आणि त्यासाठी विमानतळाजवळ एक रात्र काढावी लागणार असेल, तर ती बचत तेथेच संपते. संध्याकाळचे किंवा रात्रीचे विमान घेतले तर देवगिरीसारख्या रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत उतरून, गाडीला चार-पाच तास उशीर झाला तरी, वेळेवर पोहोचता येते. रेल्वे आणि विमान ही वेगवेगळी तिकिटे असल्याने गाडी चुकल्यास विमान कंपनी काहीही भरून देत नाही. म्हणून एवढे अंतर राखणे ही उधळपट्टी नव्हे.

स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात बहुधा सात किलोची हातातली पिशवीच धरलेली असते. सामानाचे वजन ऐनवेळी विमानतळावर वाढवले तर ते फार महाग पडते, म्हणून घरी काट्यावर पिशवी तोलून पाहावी. सात किलोत भागवता येते: तीन जोड कपडे, पातळ पंचा, पावसाळी जाकीट आणि औषधे एवढे पुरते, आणि कपडे दर तीन दिवसांनी धुवावेत.

टूर कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो आणि रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते, पण तोपर्यंत ती अडकून राहते. विमानाचे तिकीट आणि राहण्याची जागा स्वतः वेगवेगळी आरक्षित केली तर ते पॅकेज ठरत नाही.

पैसे कसे न्यावेत

या बाबतीत नकळत सर्वाधिक गळती होते. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने परदेशात खर्च केला की अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. साठ हजारांच्या खर्चावर हे सुमारे अडीच हजार रुपये होतात, म्हणजे एका दिवसाचा पूर्ण खर्च. हे शुल्क नसलेले कार्ड काही बँका देतात, ते सहलीच्या दोन-तीन महिने आधी घेऊन ठेवावे. दुकानातील यंत्र किंवा एटीएम जेव्हा रुपयांत रक्कम दाखवू का, असे विचारते, तेव्हा नकार द्यावा आणि तेथील चलनच निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात दर त्यांच्या मर्जीचा लागतो. थायलंडमधील एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २०० बाहतांहून अधिक शुल्क घेतात, म्हणून थोडेथोडे पैसे अनेकदा काढण्यापेक्षा आठवड्याचे एकदम काढावेत.

रोख नेण्यासाठी अमेरिकन डॉलर घ्यावेत. व्हिएतनामचे डाँग किंवा लाओसचे किप आपल्याकडे मिळण्याची वाट पाहू नये. नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या असाव्यात, कारण मळकी नोट तिकडे नाकारली जाते, आणि पन्नास-शंभरच्या नोटांना लहान नोटांपेक्षा बरा दर मिळतो. एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत रोख परकीय चलन नेता येते, पण एवढे न्यायची गरज पडत नाही. तालुक्याच्या गावातील बँकशाखेत डॉलर तयार नसतात; आठ-दहा दिवस आधी मागणी नोंदवावी लागते, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या अधिकृत चलन विक्रेत्याकडे जावे लागते. विमानतळावरच्या खिडकीवर मात्र अगदी नाइलाज झाला तरच जावे.

रोजचा खर्च

सर्वात मोठी बचत वेग कमी करण्यात आहे. एकवीस दिवसांत आठ शहरे पाहणाऱ्यापेक्षा चार शहरे पाहणाऱ्याचा खर्च कमी होतो, कारण प्रत्येक स्थलांतरात तिकीट, स्थानकापर्यंतची रिक्षा आणि वाटेतले महागडे जेवण येते. एकाच हॉस्टेलमध्ये पाच-सहा रात्री राहणार असल्यास दर कमी करून मागता येतो, आणि आग्नेय आशियात सामायिक खोलीतील खाट साधारण ५०० ते १,००० रुपयांत मिळते. लांबचा टप्पा रात्रीच्या रेल्वेने पार करावा. बँकॉक ते चियांग माई हा ७५१ किलोमीटरचा प्रवास झोपून करता येतो आणि एका रात्रीचे भाडे वाचते.

प्रवेशशुल्क वहीत आधीच लिहून ठेवावे. अंगकोरच्या मंदिरांसाठी एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ डॉलर आहे. अजिंठा आणि वेरूळ घाईघाईने पाहिल्यावर काय हाती लागते हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी तीन दिवसांचेच तिकीट घ्यावे. ते दहा दिवसांच्या आत केव्हाही वापरता येते. नेपाळमधील भक्तपूरसारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बराच कमी दर असतो, म्हणून खिडकीवर आधी पासपोर्ट दाखवावा.

जेवणासाठी हॉस्टेलमध्ये स्वयंपाकघर आहे का ते पाहावे. अर्धा किलो येसर (भाजलेल्या धान्या-डाळींचे मसालेदार पीठ) आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली तर तेथील भात विकत घेऊन दहा मिनिटांत येसराची आमटी होते, आणि परक्या चवीला कंटाळलेल्या जिभेला ती फार आधार देते. धपाटे पहिल्या तीन दिवसांपुरते न्यावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना मात्र प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो, अन्यथा मोठा दंड होतो.

विमा

विम्यात काटकसर करू नये. परदेशातील रुग्णालयाचे एका आठवड्याचे बिल घरच्या जमिनीवर बोजा चढवू शकते. पॉलिसी घेताना वैद्यकीय खर्चाची रक्कम आणि वगळलेल्या गोष्टी वाचाव्यात. नेपाळमध्ये ट्रेकला जायचे असेल तर किती उंचीपर्यंत संरक्षण आहे ते पाहावे. भाड्याच्या स्कूटरबाबत विशेष सावध राहावे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या करारातील परवाना मान्य करतो. तेव्हा तेथे स्कूटर चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाड्याच्या स्कूटरने वाचणारे पैसे या धोक्यापुढे अगदीच थोडे आहेत, म्हणून तेथे बसनेच फिरावे.

परतताना सुटी नाणी तिकडेच खर्च करून टाकावीत, कारण ती आपल्याकडे बदलून मिळत नाहीत. उरलेले डॉलर २,००० पर्यंत पुढच्या सहलीसाठी जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावेत, आणि टीसीएस कापला गेला असेल तर त्याची नोंद प्राप्तिकर खात्याकडे आपल्या नावावर झाली आहे ना हे पाहून त्या वर्षीच्या विवरणपत्रात ती रक्कम मागावी.